मुळ्याला नको, मिरचीला हवा : मायकोरायझाचा डबा आणि आपली तांबडी माती

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात डिचोलीकडे भात कापल्यावर मळ्यात भाजी करणाऱ्या एकांनी कृषी दुकानातून मायकोरायझाचा, म्हणजे झाडांच्या मुळांत राहणाऱ्या उपयोगी बुरशीच्या पावडरीचा, एक किलोचा डबा आणला. तांबडी भाजी, मुळा, नवलकोल आणि दोन वाफे मिरची, सगळ्यांना सारखा वाटला. वर डीएपी हे स्फुरदाचं रासायनिक खतही घातलं, कारण ‘बुरशीला खायला लागतं’ असं दुकानात सांगितलं. दोन महिन्यांनी कशातच फरक नाही. अर्धा डबा उरलाय, पावसात काजूची साठ कलमं लावायची आहेत. ते विचारतात, ‘हे खरंच काम करतं की आम्हाला गंडवलं? कलमांना घालू का? आणि आमच्या भाटात (बागायतीत) रोयणीवर, म्हणजे वारुळावर, दरवर्षी अळमी येतात, म्हणजे बुरशी आमच्याकडे आहेच ना?’

गंडवलं असेलही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून ते ठरत नाही. तुम्ही ज्या चार पिकांना पावडर घातलीत त्यातल्या तिघांचं या बुरशीशी मुळात जमत नाही. मुळा आणि नवलकोल मोहरीच्या कुळातले. कोबी, फ्लॉवर, मोहरी ही सगळी भावकी मायकोरायझाला मुळात शिरू देत नाही. तांबडी भाजी राजगिऱ्याच्या कुळातली, तिचीही जवळजवळ तीच गत. पालक आणि बीटही त्याच घरातले. जमिनीवरच्या साधारण सत्तर-ऐंशी टक्के वनस्पती मुळांत ही बुरशी बाळगतात. नेमकी आपल्या गोव्याच्या हिवाळी मळ्यातली लाडकी त्रयी उरलेल्यांत पडते, याला काय म्हणावं! चौथं पीक मिरची. तिला ही बुरशी आवडते, पण तिथे डीएपीने घात केला. तो कसा, ते पुढे सांगते.

मी सत्तरीत रोपवाटिका चालवते. वीसेक वर्षं झाली. मिरी, सुपारी, काजूची कलमं, थोडी मसाल्याची झाडं, आणि घरचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. म्हणजे मी प्रयोगशाळेतली नव्हे, पिशव्या भरणारी बाई आहे. तरी या विषयात मी इतकी चुकलेय की त्या चुकांवरच उत्तर देता येईल.

आधी अळम्यांचं, ते लवकर संपतं. रोयणीवरची अळमी वाळवी पिकवते. ती वारुळाच्या पोटात पाल्याचा चोथा करून त्यावर बुरशी वाढवते, आणि पावसात तिचीच छत्री वर येते. त्या बुरशीचा मुळांशी संबंध नाही. आपल्या भाजीच्या, माडा-पोफळीच्या, काजू-आंब्याच्या मुळांत राहणारी मायकोरायझा कधीच छत्री काढत नाही. ती आयुष्यभर जमिनीखाली. तिचे बीजाणू मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, कधी थोडे मोठे, कधी लहान. त्यामुळे अळमी आली म्हणून मायकोरायझा आहे असं नाही, आणि नाही आली म्हणून नाही असंही नाही.

आता ती करते काय. इथे जरा थांबू, कारण बाकी सगळे निर्णय यावरून ठरतात.

आपली माती जांभ्याची. तांबडी दिसते ती लोखंडामुळे. त्यात ॲल्युमिनियमही भरपूर, आणि सामू (पीएच) कमी, म्हणजे माती आम्ल. माझ्या वरच्या मोरडीतला (उंचावरच्या जमिनीतला) साडेपाचच्याही खाली आहे. अशा मातीत घातलेला स्फुरद (फॉस्फरस) लोखंड-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. नत्र आपल्या तीन हजार मिलिमीटर पावसात वाहून जातं, स्फुरद जात नाही. तो जागच्या जागी कुलुपात अडकतो. जो थोडा सुटा असतो तोही मातीतल्या पाण्यातून फार हळू सरकतो. म्हणजे मुळाने आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा चाटून पुसून खाल्ला की पुढचा घास चालत येत नाही. मुळाला तिथवर वाढत जावं लागतं, आणि मूळ वाढवणं झाडाला महाग पडतं.

बुरशीचा तंतू मात्र मुळापेक्षा कितीतरी बारीक असतो. एका मिलिमीटरचे शंभर भाग करा, तेवढ्या जाडीतही तो मावतो. मूळ जिथे घुसू शकत नाही अशा मातीच्या कणांमधल्या फटींत तो जातो, आणि मुळापासून काही सेंटिमीटर दूरवर पसरतो. हमरस्ता वाड्यावाड्यात जात नाही, पाणंद जाते. हे तसंच आहे. त्या पाणंदीवरून स्फुरद येतो, सोबत जस्त आणि तांबं येतं, थोडं पाणीही. मालाची उतराई मुळाच्या पेशीच्या आत होते. तिथे बुरशी झाडासारख्या फांद्या फुटलेली एक बारीक रचना करते. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘लहानसं झाड’. ही रचना काही दिवस टिकते, मग विरते, शेजारी नवी होते.

मोबदला म्हणून झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. झाडाने पानांत जे बनवलं त्याचा चार ते वीस टक्के वाटा या बुरशीला जातो असं मोजलेलं आहे. हा वाटा कमी नाही. म्हणून झाड उगाच बुरशी पोसत नाही. स्फुरदाची उपासमार झाली की मुळं एक रसायन सोडून बुरशीला हाक मारतात. ही हाक 2005 मध्ये जपानी संशोधकांनी ओळखली. उपासमार नसेल तर हाक मंदावते, आलेल्या बुरशीलाही मूळ फारसं आत घेत नाही.

आता तुमचं डीएपी बघा. त्यात शेकडा 46 स्फुरद. मिरचीच्या बुडाशी मूठभर डीएपी आणि त्याच बुडाशी मायकोरायझा, म्हणजे घरी जेवणाचं पान वाढून ठेवायचं आणि शेजारणीला डबा आणायला सांगायचं. ती कशाला आणेल? आणि दुकानदाराचं ‘बुरशीला खायला लागतं’ हे तर साफ उलटं आहे. ही बुरशी खत खात नाही, शेणही खात नाही. जिवंत मुळावाचून तिला वाढताच येत नाही. म्हणूनच ती जिवाणू खतासारखी नुसत्या टाकीत, पोषक द्रावणात वाढवून बाटलीत भरता येत नाही. तिला वाढवायला मूळ लागतं, मग ते कुंडीतल्या मक्याचं असो की प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या गाजराच्या मुळाचं.

हीच चूक मी काजूत केली होती. दोनशे कलमांच्या पिशव्या, निम्म्यांना मायकोरायझा, निम्म्या तशाच. आणि दोन्हींना दर आठवड्याला 19:19:19 चं पाणी, कारण गिऱ्हाइकाला कलम हिरवंगार लागतं. तीन महिन्यांनी दोन्ही रांगा सारख्याच. मी त्या पावडरीला शिव्या घातल्या. पुढच्या वर्षी मिरीच्या काड्यांवर तोच प्रयोग केला, पण विद्राव्य खत बंद ठेवून, पिशवीत फक्त जुनं शेणखत आणि थोडा रॉक फॉस्फेट घालून. तेव्हा फरक दिसला. पानं रुंद झाली, आणि पिशवी फाडली की मातीचा गोळा मुळांना धरून राहिला, भुगा होऊन पडला नाही. बुरशीचे तंतू मातीचे कण बांधून ठेवतात, त्याचा हा रोपवाटिकेतला पुरावा. लावणीच्या वेळी गोळा फुटला नाही की रोप दगावत नाही, हे आम्हा पिशवीवाल्यांना चांगलं कळतं. रॉक फॉस्फेट आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळतो, त्यामुळे तो आणि ही बुरशी एकत्र नांदतात. डीएपीसारखा तो एकदम भडिमार करत नाही.

एक गल्लत दुकानात नेहमी होते. पीएसबी नावाचे स्फुरद विरघळवणारे जिवाणू वेगळे, मायकोरायझा वेगळी. पहिला कुलूप उघडायला मदत करतो, दुसरी माल वाहून आणते. डब्यावर ‘व्हॅम’ लिहिलेलं असतं तेही मायकोरायझाचंच जुनं नाव.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. ‘पावडर काम करते का’ यापेक्षा ‘माझ्या या जागेत बुरशी आधीच आहे का’ हे विचारा. मी आता कुठलीही पिशवी विकत घेण्याआधी एवढंच बघते. जिथे गवत, करवंद, कुडा, जुनी झाडं वर्षानुवर्षं उभी आहेत आणि माती उलटीपालटी झालेली नाही, तिथे बुरशी असते, आणि तिथल्या हवापाण्याला मुरलेली असते. आम्ल मातीत टिकणाऱ्या जाती आपल्याकडे भरपूर आहेत. अशा भाटात बाहेरची पावडर घालणं म्हणजे मांडवीत घागर ओतणं. उलट जिथे वरचा थर गेला आहे, तिथे ती घालण्यात अर्थ आहे. जेसीबीने सपाट केलेला सडा (खडकाळ पठार), भराव घातलेला प्लॉट, खाणीचा डंप, आणि रोपवाटिकेची खोदलेल्या जांभ्या मातीने भरलेली पिशवी. ही बुरशी मुख्यतः वरच्या वीतभर मातीत असते. खालची तांबडी माती भरली की आपण जवळजवळ मेलेली माती भरतो. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या बुरशीवर खूप वर्षं काम झालंय, खाणींच्या पडीक जमिनीवरसुद्धा. तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

तुमचा मळा या दोहोंच्या मधला. चार महिने चिखलणी करून पाणी तुंबवलेलं भाताचं शेत. पाण्याखाली हवा नसते, त्यामुळे तिथे बुरशी कमी होते, पण संपत नाही. त्यावर लगेच मुळा-नवलकोल घेतलात तर बुरशीला आणखी तीन महिने उपास. मग त्याच वाफ्यात मिरची लावली तर तिला जोडीदार उशिरा मिळणार. म्हणून वाफे आलटून पालटून घ्या. जिथे यंदा मुळा होता तिथे पुढच्या खेपेला आळसांदे (चवळी). आळसांद्यांना ही बुरशी फार मानवते आणि नत्राचीही सोय होते. मिरची, वांगी, कांदा यांना मात्र वाफ्यात न घालता रोप तयार करतानाच बुरशी द्या. कांद्याचं मूळ जाड, त्याला मूळकेस कमी, त्यामुळे कांदा या बुरशीवर सगळ्यात जास्त अवलंबून असतो. भेंडीचं बी टोकता तिथे बियाखाली चिमूटभर पुरे.

‘खाली’ म्हटलं ते महत्त्वाचं. बुरशी कोवळ्या मुळाला भेटली पाहिजे. वर भुरभुरून पाणी मारणं, फवारणीच्या पंपातून देणं, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी फेकणं, यातून फार थोडं हाती लागतं. बीजाणू चालत जात नाही. तो जिथे पडतो तिथेच मुळाची वाट बघतो.

काजूच्या कलमांचं उत्तर म्हणूनच ‘बघून ठरवा’ असं आहे. खड्डे कुठे मारलेत? जुन्या भाटात, आजूबाजूला झुडपं असतील तर डबा राहू द्या. खड्डा भरताना वरची काळपट माती बाजूला काढून ठेवा आणि कलमाच्या गोळ्याभोवती तीच घाला. एवढं पुरतं. पण खड्डा खडकाळ सड्यावर असेल आणि भरायला बाहेरून माती आणणार असाल, तर कलमाच्या गोळ्याखाली नि बाजूने डब्यातली पंधरा-वीस ग्रॅम पावडर अशी टाका की ती मुळांना लागेल. पहिल्या पावसात डीएपी नको. शेणखत आणि रॉक फॉस्फेट चालेल. कलमं घेतलीत ती रोपवाटिका बुरशी घालते का, हेही विचारा. घालत असेल तर पुन्हा घालायची गरज नाही.

माझे सासरे कुळागरात नवी पोफळ लावताना जुन्या पोफळीच्या बुडाची मूठभर माती खड्ड्यात टाकायचे. कारण विचारलं तर ‘तिला सोबत लागते’ एवढंच. मायकोरायझा हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता, पण करत होते ते हेच. मी मोठ्या उत्साहाने ती पद्धत मिरीच्या पिशव्यांना लावली, आणि माती काढली नेमकी एका जुन्या मिरवेलीच्या बुडाची. त्या वेलीला शीघ्र मर लागत होता, पानं नुकतीच गळायला लागलेली, माझ्या लक्षात आलं नाही. ऑगस्टमध्ये तीनशे पिशव्या काळ्या पडून गेल्या. सोबत म्हणून मी रोगच दिला होता. तेव्हापासून नियम केला. ज्या पिकाला बुरशी द्यायची त्याच कुळातल्या पिकाखालची माती घ्यायची नाही. मिरची-वांग्यासाठी टोमॅटो, मिरची, वांग्याच्या वाफ्यातली माती तर मुळीच नको. आपल्याकडे मर रोगाचे जिवाणू आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी त्याच मातीत असतात.

त्यावरचा उपाय म्हणजे घरीच बुरशी वाढवणं. मी आता बहुतेक असंच करते. नोव्हेंबरात एक वाफा करायचा. विटांची चौकट, तळाला प्लास्टिक, त्याला दोन-चार भोकं, आत उन्हात चांगली तापवलेली वाळू आणि माती निम्मी निम्मी. त्यात मेरेवरच्या (बांधावरच्या) गवताच्या किंवा करवंदीच्या मुळाजवळची दोन-तीन घमेली माती, बारीक मुळांसकट. जंगल खरवडायचं नाही, एवढं पुरतं. वर नाचणी आणि आळसांदे दाट पेरायचे. स्फुरदाचं खत द्यायचं नाही. अगदीच पिवळं पडलं तर पातळ गोमूत्राचं पाणी. तीन महिने वाढवायचं, मग पाणी तोडायचं. झाड वाळायला लागलं की बुरशी बीजाणू धरते. दहा-बारा दिवसांनी वरचं कापून गुरांना घालायचं, मुळं खणून बोटाच्या पेराहून बारीक कापायची आणि त्याच मातीत मिसळून सावलीत सुकवायची. मार्च-एप्रिलात पिशव्या भरताना दहा घमेली मिश्रणाला एक घमेलं हे. नाचणीची निवड अशासाठी की ती तृणधान्य, तिचे रोग मिरी-मिरचीला सहसा लागत नाहीत. तरी मुळांवर गाठी दिसल्या तर तो वाफा मी वापरत नाही.

विकतची घ्यायचीच तर पिशवीवर काय छापलंय ते वाचा. खत नियंत्रण आदेशात मायकोरायझासाठी ग्रॅमला किमान 100 जिवंत अंश (ज्यातून बुरशी पुन्हा वाढू शकते असे) आणि त्यात किमान 60 बीजाणू असा निकष आहे. आकडा, तयार केल्याची तारीख आणि मुदत नसेल तर पुडा परत ठेवा. दुकानाच्या पत्र्याखाली मे महिन्यात तापलेला डबा मी घेत नाही, मुदत असली तरी. आणि ‘मायकोरायझा’ लिहून आत ह्युमिक ॲसिड, सीविड, अमिनो असं दहा गोष्टींचं मिश्रण असेल तर पिकात दिसलेला फरक कशाचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

बुरशीनाशकांचं बरेच जण विचारतात. कार्बेन्डाझिमची आळवणी केली तर या बुरशीला मार बसतो. ती केली असेल तर काही आठवडे थांबून मग पावडर द्या. पोफळीच्या घडांवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतो त्याने लगेच काही बिघडत नाही, पण तांबं वर्षानुवर्षं मातीत साठत जातं. तरी कोळेरोगाच्या (पोफळीची फळं कुजवणाऱ्या रोगाच्या) पावसात बोर्डो मारू नका असं मी कुणालाही सांगणार नाही. मायकोरायझा असलेलं मूळ काही मूळरोगांना जरा जास्त तोंड देतं, पण ती औषध नाही. माझ्या तीनशे पिशव्यांना तिने वाचवलं नव्हतं.

दाट सावलीत ठेवलेल्या अगदी लहान रोपांत कधी कधी उलटंही होतं. पानांना ऊन नाही, साखर कमी, आणि त्यातला वाटा बुरशीला. रोप थोडं मागे पडतं. सावली कमी केली की बहुतेक वेळा सावरतं. घाबरून खत ओतू नका.

सगळ्यात जास्त नुकसान आपण उन्हाळ्यात करतो. बिया वेचायला सोपं जावं म्हणून काजूखालचा पातेरा (वाळका पाला) पेटवतात, मग मे महिन्यात भाट जेसीबीने घासून ‘साफ’ करतात. वरचा वीतभर थर जातो, त्यासोबत बुरशीही, आणि जूनमध्ये हेच लोक दुकानात डबा मागायला येतात. पातेरा झाडाखाली ओढून ठेवा, गवत कोयत्याने कापा, मुळासकट उपटू नका. गवताच्या मुळांतच ती पुढच्या पावसापर्यंत तग धरते.

आता तुमचा उरलेला अर्धा डबा. मुदत संपली नसेल आणि तो सावलीत कोरडा राहिला असेल तर सड्यावरच्या खड्ड्यांपुरता बाजूला ठेवा. उरेल तो मिरचीच्या रोपांसाठी. सहा ओळींना बियाखाली पावडर, शेजारच्या सहा तशाच, खत दोन्हीकडे सारखं आणि डीएपी कुठेच नाही. लावणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी बघा, त्याआधी काही दिसत नाही. दरम्यान विभागीय कृषी कार्यालयात माती तपासायला द्या. मळ्यातली वेगळी, भाटातली वेगळी, एकत्र करू नका. स्फुरदाचा रकाना ‘जास्त’ आला तर डब्याचा विचार सोडा. ‘कमी’ आला तर सामूचा आकडाही इथे लिहा, चुना किती घालायचा ते त्यावरून सांगता येईल.